जमिनीचे थर

वाचकहो, मालवणाकडे सड्याच्या कडेस विहीर खणीत असतां तिच्या काठीं क्षणभर उभे राहा. वरपासून खालपर्यंत जमीन एकसारखी नाहीं, हें सहज दिसेल.

१. सर्वांत वर काळसर-तांबड्या मातीचा पातळ थर. पालापाचोळा कुजून व गांडुळांच्या योगानें तो भुसभुशीत होतो. पिकाचें बहुतेक पोषण यांतच असतें.

२. त्याखालीं सच्छिद्र जांभा. आपल्या घरांचे चिरे ह्याचेच.

३. मग तांबडे, पिवळे व पांढरे पट्टे असलेली चिकणमाती.

४. तिच्याखालीं कुजका दगड, आणि शेवटीं मूळ खडक. देवगडाकडे तो बहुधा काळा पाषाण असतो. मालवणाकडे त्याहूनही जुने खडक आढळतात.

हे थर कोणी आणून रचिले काय? नाहीं. खडकच जागच्या जागीं पालटत गेला. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. हें पाणी झिरपतांना खडकांतील चुना व वाळूचा अंश हळूहळू विरघळवून नेतें. लोह व ॲल्युमिनियम मागें राहतात. लोहास गंज चढतो, म्हणून जांभा तांबडा. पावसाळ्यांत ओल व उन्हाळ्यांत शोष, असें लाखों वर्षें चालल्यानें तो घट्ट झाला. मलबारांत असा दगड ओला असतां कापितात व हवेंत तो कठीण होतो, हें पाहून फ्रान्सिस बुकानन यानें १८०७ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यास 'लॅटराइट', म्हणजे विटेसारखा, असें नांव दिलें.

मळ्याची जमीन मात्र निराळी. तेथील माती ओहोळांनीं डोंगरावरून आणून टाकिलेली असते.

आतां मुख्य गोष्ट. वरचा थर एक इंच वाढण्यास शेंकडों वर्षें लागतात. पण उतारावरील झाडोरा तोडून जमीन उघडी टाकिली, तर एका पावसाळ्यांतही त्याचा मोठा भाग वाहून जातो. मृगांत ओहोळ तांबडा वाहतो, तेव्हां आपलें शेतच समुद्राकडे चाललें असें समजावें. उरतो तो कातळ. त्यावर नांगर चालत नाहीं. म्हणून बांध वेळीं दुरुस्त करा, उतारास आडवें नांगरा, पाला सर्वच न जाळितां कांहीं कुजूं द्या. चिरेखाण काढणारानें वरची माती बाजूस राखून काम संपल्यावर ती परत पसरावी.

प्रश्न : (१) जांभा तांबडा कां? (२) सड्याची व मळ्याची माती यांत भेद कोणता? (३) तुमच्या गांवांत कोणता बांध फुटला आहे, आणि तो पावसापूर्वीं कोण बांधील?