मुलांचा आंत्रपुच्छदाह व दुर्बिणीची शस्त्रक्रिया

मोठ्या आतड्याच्या आरंभी, पोटाच्या उजव्या बाजूस खाली, करंगळीहून बारीक अशी एक पोकळ शेपटी असते, तेच आंत्रपुच्छ. त्याचे तोंड बुजले की आत जंतू वाढतात, सूज येते व अखेर ते फुटून पू पोटात पसरतो. प्रौढांत आतड्यांवरील चरबीचा पडदा हा पू पुष्कळसा अडवितो. लहान मुलांत तो आखूड व विरळ असतो. शिवाय बालकास दुखणे नेमके सांगता येत नाही. बेंबीभोवतालची कळ काही तासांनी उजवीकडे खाली सरकली, वांती व ताप आला, तर रेचक देऊन वाट पाहणे घातक होय.

आंत्रपुच्छ काढल्याची पहिली नोंद एका मुलाचीच आहे. १७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस अ‍ॅमियँड यांनी ११ वर्षांच्या मुलाच्या अंतर्गळावर शस्त्रक्रिया करताना ते कापले, आणि तेही भुलीवाचून! दुर्बिणीने ते प्रथम काढले १९८० साली, जर्मनीतील कील येथे, कुर्ट झेम यांनी. ते स्त्रीरोगतज्ज्ञ, शल्यविशारदांनी आधी त्यांचा निषेधच केला.

या पद्धतीत भूल देऊन बेंबीपाशी लहान छेद घेतात व कार्बन डायॉक्साइड वायूने पोट फुगवितात. मुलांत वायूचा दाब प्रौढांपेक्षा कमी ठेवावा लागतो. एका नळीतून दुर्बीण आणि सुमारे ५ मिलिमीटरच्या दोन छिद्रांतून हत्यारे आत जातात. पुच्छाचे मूळ बांधून ते कापतात. व्रण लहान राहतो, हा गुण आमच्या मते गौण. निदान संशयित असता सारे पोट पाहता येते, हा मोठा. मात्र दुर्बिणीच्या शोधात तास दवडण्यापेक्षा जवळच्या रुग्णालयातील उघडी शस्त्रक्रिया बरी.

शस्त्रक्रियेनंतर मूल खांदा दुखतो म्हणते. ते उरलेल्या वायूमुळे असते व एकदोन दिवसांत थांबते.