बाळाच्या डोळ्याला सारखं पाणी येतंय?

आईबापांनो, बाळ रडत नसतानाही डोळा गळतो, सकाळी पापण्या चिपडाने चिकटतात. ही दृष्ट नव्हे. डोळ्यातले पाणी नाकात नेणारी बारीक नळी पुरती उघडलेली नसते. बहुतेक बाळांची ती वर्षाच्या आत आपोआप उघडते.

हे करा : नखे कापा, हात साबणाने धुवा. डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यावर बोट ठेवा आणि हलकेच दाबत नाकाच्या कडेने खाली आणा. असे ५ ते १० वेळा, दिवसातून ३-४ दा. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून डोळा पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा.

हे करू नका : काजळ, मध, एरंडेल, अंगावरचं दूध डोळ्यात घालू नका.

थांबू नका : पहिल्या महिन्यात पापण्या सुजल्या, डोळा लाल झाला, पू आला, किंवा कधीही नाकाजवळ लाल सूज आली, तर चोळू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. उशिराने नजर जाऊ शकते. कधी हा रोग बाळंतपणात आईकडून लागतो. तेव्हा नवरा-बायको दोघांनीही औषध घ्यावे. यात लाज कसली?

वर्षानंतरही पाणी थांबले नाही, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.