बालातिसार : घरगुती जलशुद्धी आणि हस्तप्रक्षालन

पावसाळा सुरू झाला की बालातिसाराचे रुग्ण वाढतात आणि आपण सर्व वैद्य मातेला एकच वाक्य सांगतो, 'पाणी उकळून द्या.' आम्हीही अनेक वर्षे तेवढेच सांगत होतो. दीड वर्षाच्या एका बालकास महिनाभरात तिसऱ्यांदा अतिसार झाला, तेव्हा आम्ही योग बदलीत राहिलो. अखेर त्याच्या घरी गेलो. पाणी खरोखरच उकळलेले होते. परंतु ते रुंद तोंडाच्या पातेल्यात होते आणि घरातील प्रत्येकजण त्यात बोटांसकट पेला बुडवीत होता. आमचा उपदेश अपुरा होता.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, ४५व्या अध्यायात, गढूळ पाण्यासाठी कतक म्हणजे निर्मळी आदी प्रसादन द्रव्ये सांगितली आहेत. दूषित जलासाठी अग्नीवर उकळणे, उन्हात तापविणे हे उपायही तेथेच आहेत. निर्मळी वा तुरटी फिरविल्याने गाळ खाली बसतो, रोगजंतूंचा भरवसा देता येत नाही. म्हणून गढूळ पाणी आधी निवळावे, गाळावे आणि मग खळखळून उकळावे. इंधन परवडत नसेल तेथे वेष्टनावरील प्रमाणात क्लोरीन घालून अर्धा तास थांबावे. तांब्याच्या भांड्याविषयी रुग्ण आवर्जून विचारतात. बेंगळुरू येथील २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १६ तास ताम्रपात्रात ठेवलेल्या पाण्यातील अतिसारकारक जिवाणू नष्ट झाल्याचे आढळले. मात्र तो प्रयोग जिवाणूंपुरता होता, आणि बालकांत विषाणुजन्य अतिसारही पुष्कळ असतो.

शुद्ध केलेले पाणी झाकणाच्या, शक्यतो तोटीच्या भांड्यात ठेवावे. तोटी नसल्यास ओगराळे वापरावे व ते खाली न ठेवता खुंटीला टांगावे. आपल्या आजीच्या घरी ते होतेच.

हातांची गोष्ट याहून कठीण. तान्ह्या बाळाची शी 'निर्दोष' मानून माता नुसत्या पाण्याने हात धुऊन कणीक मळावयास बसते. कराचीतील वस्त्यांमध्ये झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साबणाने हात धुणाऱ्या कुटुंबांतील मुलांत अतिसार सुमारे निम्म्याने घटला. साधा साबण व जंतुनाशक साबण यांत फरक दिसला नाही. तेव्हा औषधी दुकानदार बंधूंनी महागडा साबण सुचविण्याचे कारण नाही.

दुकानदारांकडून आणखी एक अपेक्षा आहे. जलसंजीवनीची पाकिटे, झिंक आणि क्लोरीन पावसाळ्यापूर्वीच मागवावे. क्लोरीनच्या द्रावणाची सवीर्यता लवकर घटते, म्हणून बाटलीवरील तारीख पाहूनच द्यावे. आमातिसारात प्रारंभीच स्तंभन निषिद्ध आहे. जुलाब थांबविणाऱ्या गोळ्या बालकांसाठी मागणाऱ्यास वैद्याकडे पाठवावे. डोळे खोल गेलेले, मूत्र थांबलेले, पेंगुळलेले वा काहीच पिऊ न शकणारे बालक रुग्णालयात विनाविलंब न्यावयाचे.

आम्ही आता अतिसाराच्या चिठ्ठीवर औषधाच्याही वर तीन प्रश्न लिहितो : पाणी कशात ठेवता? कशाने काढता? बाळाची शी धुतल्यावर साबण लावता का?