कमी वजन : जमातीची ठेवण की पोटाची उपासमार?

प्रश्न : आमच्या बागेवर पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात. त्यांची बाळं जन्मतःच हलकी असतात. आदिवासींची ठेवणच तशी, असं म्हणतात ते खरं का? (निफाड, जि. नाशिक)

उत्तर : ‘ठेवण’ म्हटलं की सगळ्यांचीच जबाबदारी संपते, म्हणून हे उत्तर सोयीचं आहे, पुरेसं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून जवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळं सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोंची. पुण्याच्या बाळांच्या अंगात स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून! गर्भात अन्न तोकडं पडलं की शरीर काटकसर शिकतं आणि पुढे खाणं वाढलं की मधुमेहाकडे झुकतं. मग आजोबांना मधुमेह का नव्हता, असं कोणी विचारेल. त्यांच्या ताटात नागली होती, पायाखाली डोंगर होता. नातवाच्या हाती बिस्किटपुडा आहे. आनुवंशिकतेचा वाटा शून्य नाही, सिकलसेल हा रक्ताचा आजार त्याचं ठळक उदाहरण. पण आदिवासी भागातल्या गर्भवतींसाठी 2015 पासून अमृत आहार योजनेचं चौरस जेवण आहे, ते त्यांच्या गावच्या अंगणवाडीत. द्राक्षांच्या कामाला खाली उतरलेल्या बाईला ते कसं मिळणार? हे जेवण चुकणं हा जनुकांचा दोष नव्हे. तुमच्या बागेवर कुणी गर्भवती असेल, तर तिचं नाव जवळच्या अंगणवाडीत आजच नोंदवा.