कबड्डीच्या शिक्षिका : शैलजा जैन

भाताची कापणी आणि झोडणी उरकली, की शहापूर व मुरबाड तालुक्यांतील मोकळ्या शेतांत कबड्डीचे मैदान आखले जाते. फक्कीच्या चार रेघा आणि दोन्ही बाजूंना सात सात गडी, एवढ्यावर या खेळाचे भागते. त्याला चेंडू लागत नाही की फळी लागत नाही. चढाईला गेलेला गडी 'कबड्डी, कबड्डी' असे म्हणत एका दमात प्रतिपक्षाच्या मैदानात शिरतो, कोणास तरी शिवतो आणि पकड होण्यापूर्वी मधली रेषा गाठतो. शरीरबळ, चपळाई आणि सावधपणा या तिन्ही गुणांची येथे कसोटी लागते.

शहापुरावरून जाणारा आग्रा रस्ता कसारा घाट चढून नाशिकला पोहोचतो. त्या नाशिक शहरात श्रीमती शैलजा जैन यांनी अनेक वर्षे मुलामुलींना कबड्डी शिकविली. तारुण्यात त्या स्वतः कबड्डी खेळल्या होत्या. पुढे त्यांनी प्रशिक्षकाचे काम पत्करले आणि तेच आपले जीवनकार्य मानले.

मुलांनो, खेळणे आणि शिकविणे या दोन निराळ्या विद्या आहेत. चांगल्या खेळाडूचे ज्ञान त्याच्या हातापायांत मुरलेले असते. चढाईच्या गड्याने पाय पुढे टाकताच त्याचा घोटा धरावा की क्षणभर थांबावे, हे त्याला विचार न करताही उमगते. प्रशिक्षकाला मात्र तेच ज्ञान शब्दांत मांडावे लागते. कोणाची चूक कोठे होते हे हेरावे लागते. एकीला रागावून तर दुसरीला धीर देऊन पुढे न्यावे लागते. शिवाय सामना सुरू झाला, की त्याला रेषेबाहेर बसावे लागते. पकड सुटताना डोळ्यांना दिसते, पण धावून जाऊन ती धरता येत नाही. आपली विद्या दुसऱ्याच्या हाती सोपवून शांत बसणे, हीच शिक्षकाची खरी परीक्षा होय.

नाशिकमधील सेवेतून निवृत्त झाल्यावर शैलजाबाईंना इराण देशातून बोलावणे आले. त्या देशाच्या महिला संघाला एक शल्य होते. आशियाई क्रीडास्पर्धांत महिलांची कबड्डी २०१० साली प्रथम खेळली गेली आणि ते सुवर्णपदक भारताने जिंकले. २०१४ साली दक्षिण कोरियातील इंचॉन येथे इराणचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. परंतु तेथेही भारतच विजयी झाला. आता भारताला हरवायचे, तर भारतात वाढलेला हा खेळ मुळापासून शिकावयास हवा, हे इराणने ओळखले.

२०१७ साली शैलजाबाई तिकडे गेल्या. वय साठीच्या घरात, आहार शाकाहारी आणि भाषा अनोळखी! पण त्या डगमगल्या नाहीत. मुलींशी मन मोकळे करून बोलता यावे, म्हणून त्यांनी फारसी भाषेचा अभ्यास केला. फारसी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. 'मैदान', 'शाबास', 'पहिलवान' हे शब्द मराठीत फारसीतूनच आले. कबड्डीचा प्राण असलेला 'दम' हा शब्दही फारसीच असून, तेथे त्याचा अर्थ श्वास असा आहे. दम टिकावा आणि मन स्थिर राहावे, यासाठी त्यांनी सरावात योगासने व प्राणायाम यांना स्थान दिले.

दिनांक २४ ऑगस्ट २०१८ रोजी इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथे आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना झाला. एका बाजूस भारताच्या मुली होत्या, दुसऱ्या बाजूस इराणच्या. पूर्वार्धात भारताची आघाडी होती. उत्तरार्धात इराणच्या मुलींनी धीर न सोडता एकेक गुण मिळवीत ती ओलांडली आणि २७ विरुद्ध २४ अशा गुणांनी सामना जिंकला. भारताबाहेर महिलांच्या कबड्डीचे सुवर्णपदक जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

आपल्याच देशाच्या संघाविरुद्ध शैलजाबाईंनी दुसऱ्या संघाला तयार केले, हे योग्य झाले काय, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. तो प्रश्न टाळण्याजोगा नाही. स्वदेशाचा संघ हरताना पाहून कोणाही भारतीयाला वाईट वाटणारच. पण शिक्षकाने समोर बसलेल्या विद्यार्थ्यापासून काही लपवून ठेवले, तर त्याने आपल्या धर्माला बट्टा लावला असे होईल. ज्या मुलींनी त्यांच्यावर विश्वास टाकला, त्यांना शैलजाबाईंनी मनःपूर्वक शिकविले. तुल्यबळ प्रतिस्पर्धी लाभला, तरच खेळ वाढतो. पुढल्या आशियाई स्पर्धेत, २०२३ साली चीनमधील हांगचौ येथे, भारताच्या मुलींनी ते सुवर्णपदक परत मिळविले. अंतिम सामन्यात चिनी तैपेईवर त्यांनी अवघ्या एका गुणाने मात केली. आता ते पदक कोणालाही सहज मिळणारे राहिलेले नाही, आणि म्हणूनच त्याचे मोल वाढले आहे.

धन दिल्याने कमी होते, विद्या दिल्याने वाढते, असे आपले पूर्वज म्हणत. तुमच्या गावात एखादी मोठी मुलगी धाकट्यांना पकड कशी घालावी हे दाखवीत असेल, तर तिच्याकडे नीट पाहा. त्या मातीतच उद्याची शिक्षिका घडत असेल.

स्वाध्याय
१. खेळाडूच्या व प्रशिक्षकाच्या कामात कोणता फरक आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. शैलजाबाईंनी फारसी भाषा का शिकून घेतली?
३. 'शैलजाबाईंनी केले ते योग्य होते काय?' या विषयावर वर्गात दोन्ही बाजूंनी चर्चा करा.