शाळेतील छळ आणि पालकांचे कर्तव्य

एरवी आनंदाने शाळेत जाणारे मूल सकाळ होताच पोटदुखीची तक्रार करू लागले, त्याच्या वह्या-पेन्सिली वारंवार हरवू लागल्या, तर त्यास आळशी ठरविण्यापूर्वी वर्गात कोणी छळत नाही ना, हे पालकांनी पाहावे. मोताळा तालुक्यातील रोहिणखेडसारख्या गावात अडचण निराळीच असते. छळणाऱ्या मुलाचे वडील शेताचे शेजारी, कदाचित ग्रामपंचायतीचे सदस्यही असतात. मग ‘पोरांचे भांडण’ म्हणून विषय मिटविला जातो. ‘तूही दोन ठेवून दे’ हा सल्ला तर सर्रास मिळतो. त्याने दुबळे मूल अधिकच एकाकी पडते.

मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकावे, प्रसंग दिनांकासह टिपून घ्यावेत व वर्गशिक्षकांना भेटावे. बहुतेक प्रकरणे येथेच निवळावीत. छळणारे मूलही अखेर मूलच असते. तसे न झाल्यास मुख्याध्यापकांकडे तक्रार द्यावी, आणि ती लेखीच द्यावी. राज्याच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यानुसार लेखी तक्रारीची सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. हयगय केल्यास त्यानेच अपराधास साहाय्य केले, असे मानले जाते. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तिच्या बैठकीत हा विषय मांडण्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये.