मशीन मागवण्याआधी

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले बॉनेटचे फोटो पाहिले, आणि त्यामागोमाग आलेली पॉलिशिंग मशीनची जाहिरातही पाहिली. मशीन चांगलं आहे, पण आत्ता मागवू नकोस. फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही, म्हणून लिहून पाठवतोय. सावकाश वाच.

आधी तुला दिसतंय ते काय आहे हे समजून घे. उन्हात किंवा पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली बॉनेटवर बारीक गोल रेघांचं जाळं दिसतं ना, त्या रेघा खरं तर गोल नसतात. चारी दिशांना कशाही गेलेल्या असतात. त्यातल्या प्रकाशाला आडव्या येणाऱ्या तेवढ्या चमकतात, बाकीच्या लपतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं असल्याचा भास होतो. डोकं थोडं बाजूला नेऊन बघ, वर्तुळंही सरकतील. म्हणजे जिथे आत्ता काही दिसत नाही तिथेही रेघा आहेतच. फडकं गोल फिरवल्यामुळे हे होतं आणि सरळ पुसलं की होत नाही, असा एक समज आहे. फडक्यात धुळीचा कण अडकला असेल तर हात कसाही फिरव, रेघ उठणारच.

काळी गाडी घेतलीस म्हणून हे जास्त जाणवतंय. पांढऱ्या गाडीवरही अशाच रेघा पडतात, पण त्यांच्यावरून विखुरलेला प्रकाश पांढऱ्यात मिसळून जातो.

माझी सगळी नोकरी पेंट शॉपमध्ये गेली, त्यामुळे रंगाचे थर मला डोळे मिटूनही दिसतात. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया, मग गंज रोखणारा ई-कोट, त्यावर प्रायमर, मग बेस कोट म्हणजे तुला दिसतो तो रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. माणसाचा केस ढोबळमानाने ७० मायक्रॉनचा धर, म्हणजे अंदाज येईल. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा असतो आणि तुझ्या रेघा त्या थराच्याही वरच्या अंगाला आहेत. नखाची कड रेघेवरून आडवी फिरव. नख अडकलं नाही तर ती पॉलिशने जाण्यातली आहे. अडकलं तर ती घालवायच्या नादी लागू नकोस, तिच्यासह गाडी वापर.

शेतातला खड्डा भरायला बाहेरून माती आणायची सोय नसेल, तर भोवतालची जमीनच खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवावी लागते. पॉलिशचं काम तसंच आहे. रेघ भरली जात नाही, तिच्या आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून खाली आणला जातो. हलक्या पॉलिशने एक-दोन मायक्रॉन जातात, जाड कंपाउंड आणि कडक पॅडने त्याहून जास्त. एकदा गेलेला थर परत येत नाही. ऊन झेलणारी, अतिनील किरण शोषणारी द्रव्यं याच थरात असतात. तो फार पातळ झाला की काही वर्षांनी टप आणि बॉनेट पांढुरके पडतात आणि पापुद्रे सुटायला लागतात. मग पॉलिश काही करू शकत नाही, नवा रंगच मारावा लागतो. तुझी गाडी तर दुसऱ्या हाताची. आधीच्या मालकाने गॅरेजमध्ये किती वेळा रबिंग करून घेतलं असेल, आपल्याला माहीत नाही. ओळखीच्या पेंटरकडे जाडी मोजायचं गेज असेल तर प्रत्येक पत्र्यावर दोन-तीन ठिकाणी लावून घे. आकडा ८० च्या आत आला तर त्या जागेला मशीन लावायचं नाही. २०० च्या वर गेला तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे, खाली पुट्टीही असू शकते, तिथे जपून. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं गेज चालत नाही.

आता मुख्य गोष्ट. रेघा पडतात कशाने हे थांबवल्याशिवाय त्या काढण्यात काही अर्थ नाही. तू शनिवार-रविवार खपून गाडी आरशासारखी करशील आणि सोमवारी सकाळी सोसायटीतला मुलगा एक बादली आणि एक फडकं घेऊन येईल. त्याच पाण्यात त्याने तुझ्या आधीच्या गाड्या पुसलेल्या असतात. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, म्हणजे क्वार्ट्झ, आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. ओलं फडकं ते कण उचलतं आणि दुसऱ्या गाडीवर नेऊन घासतं. यात त्या मुलाची चूक नाही. महिन्याला मिळणाऱ्या पैशांत त्याला इतक्या गाड्या उरकायच्या असतात की वेगळं काही करणं शक्यच नाही. त्याचे पैसे बंद करू नकोस. बाहेरून हात लावू नको, आतून झाडून दे, पायपुसणी झटकून दे, असं सांग.

झटकणीने रोज धूळ उडवायची सवयही सोड. सुकी धूळ सुक्या रंगावरून ओढणं हा रेघा पाडायचा सगळ्यात जलद मार्ग. कव्हरचंही तेच. धुळकट गाडीवर कव्हर घातलं आणि वारा सुटला की ते रात्रभर फडफडत घासत राहतं. कव्हर घालायचंच असेल तर नुकत्याच धुतलेल्या गाडीवर घाल, नाहीतर धूळ बसू दे. बसलेली धूळ रंगाला काही करत नाही.

धुवायची ती सावलीत, पत्रा गार असताना. आधी नुसत्या पाण्याने भरपूर भिजव आणि सुटेल तेवढी माती हात न लावता वाहून जाऊ दे. मग दोन बादल्या घे, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी, आणि दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली माती पुन्हा वर येत नाही. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग हलक्या हाताने धुवायचा, मोजा साध्या पाण्यात खळबळून काढायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत घालायचा. टपापासून सुरुवात करून खाली यायचं. दारांचा खालचा पट्टा सगळ्यात शेवटी, कारण चाकांनी उडवलेली खडी तिथेच चिकटलेली असते. चाकांचा मोजा आणि बादली वेगळी, ती चुकूनही वर न्यायची नाही. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नकोस.

तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्यामुळे गाडी आपोआप सुकू द्यायची नाही. जड पाण्यातले क्षार रंगावर पांढरे ठिपके धरतात, आणि त्यावर ऊन पडत राहिलं तर ते रंगात उतरतात. जाड मोठा टॉवेल पत्र्यावर अंथर, वरून थोपट आणि उचल. घासायचं काहीच कारण नाही. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते तेव्हा रिन्सलेस वॉश नावाचं द्रावण वापर, एका बादलीत काम होतं. मात्र चिखलाने माखलेल्या गाडीवर ते चालणार नाही.

मायक्रोफायबरची फडकी घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नकोस, आणि त्यांना फॅब्रिक सॉफ्टनर लावू नकोस. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी रंगाला लावायचं नाही, झटकूनही नाही.

हे सगळं जमायला लागलं की मग पुढचं. धुतलेल्या गाडीवर प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातात घालून बोटं फिरव. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागेल. ब्रेकचा लोखंडी कीस, झाडांचा चीक, डांबर असं बरंच काही रंगात रुतून बसलेलं असतं. लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. फवारला की लोखंड असेल तिथे जांभळे ओघळ येतात. सुकू न देता धुऊन टाकायचा. उरलेलं क्ले बारने निघतं. क्ले आणि पत्रा यांच्यात शाम्पूचं पाणी भरपूर असू दे, दाब अजिबात नको, आणि मळलेला भाग सारखा आत दुमडत राहा. क्ले खाली पडला तर किंमत किती का असेना, टाकून दे. क्लेने स्वतःच्या थोड्या रेघा उमटतात, म्हणून तो पॉलिशच्या आधीच करायचा.

मशीनमध्ये दोन जाती आहेत. गॅरेजमध्ये बफिंगला वापरतात ती रोटरी, तिचं पॅड एकाच आसाभोवती गरगर फिरतं. तरबेज हातात ती फार चांगलं काम करते, पण नवख्याच्या हातात एका जागी जास्त रेंगाळली तर उष्णतेने क्लिअर कोट जळतो. घाईने लोकरी पॅड मारलेल्या गाडीवर उन्हात तेलकट, हलणारे पट्टे दिसतात. ‘रबिंग-पॉलिश करून देतो’ म्हणणाऱ्या बऱ्याच ठिकाणांहून गाड्या असे पट्टे घेऊन बाहेर पडताना मी पाहिल्या आहेत. तुझ्यासाठी डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन मशीन योग्य. तिचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि मध्यापासून सरकून घिरट्याही घालतं. जास्त दाबलं तर पॅडचं फिरणंच थांबतं, त्यामुळे रंग जाळणं तितकं सोपं नाही. पॅडमागच्या चकतीवर मार्करने एक रेघ ओढून ठेव, फिरणं चालू आहे की नुसती थरथर हे कळत राहील.

मधल्या घनतेचं फोमचं पॅड आणि बारीक पॉलिश यांच्यापासून सुरुवात कर. कंपाउंड घरात आणूच नकोस, म्हणजे मोह होणार नाही. डिकीच्या झाकणावर दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन टेपने आखून घे आणि तेवढ्यावरच प्रयोग कर. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, मशीन बंद असतानाच चौकोनभर टेकवून घ्यायचे, मग कमी वेगावर पसरवायचे. त्यानंतर सहापैकी चार-पाच नंबरवर आडव्या ओळी, मग उभ्या ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीचा निम्मा भाग झाकेल अशी. हात सेकंदाला इंचभर सरकला पाहिजे. हे ऐकायला सोपं आहे, पण नवीन माणूस हमखास घाई करतो आणि मग पॉलिश काम करत नाही म्हणून दाबायला लागतो. मशीनचं वजन आणि त्यावर अगदी थोडा हात, एवढा दाब पुरतो. चार ते सहा फेऱ्या झाल्या की पुसायचं.

पुसल्यावर दिसणाऱ्या चकाकीवर विश्वास ठेवू नकोस. पॉलिशमधली तेलं रेघांमध्ये बसून त्यांना लपवतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून फवार, स्वच्छ फडक्याने पूस, आणि मग टॉर्च तिरका धरून बघ. आता जे दिसतं ते खरं. बाजारात झटपट चमक देणारी कितीतरी क्रीमं नुसतीच रेघा भरतात आणि दोन-चार धुण्यांत जाळं परत येतं. टूथपेस्टचे घरगुती उपाय तर करूच नकोस.

कडा आणि दारांवरच्या उठावदार रेषा इथे रंग सगळ्यात पातळ असतो, त्यांना टेप लाव. काळ्या प्लॅस्टिकलाही लाव, पॉलिश त्यात शिरलं की पांढरं राहतं. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेव, ओढणी नको, जीन्सचं बटण झाकेल असा जुना सैल शर्ट घाल. वायर खांद्यावरून मागे सोड, पाण्यापासून लांब. डोळ्यांना चष्मा असू दे. ऑक्टोबरच्या उन्हात पत्रा तापतो आणि पॉलिश लावताक्षणी वाळतं, तेव्हा सकाळी लवकर बस आणि उन्हं चढली की उठ.

शंभरातल्या सत्तर-ऐंशी रेघा गेल्या की थांब. उरलेल्या खोल असतात आणि त्यांच्यासाठी जेवढा थर द्यावा लागेल तेवढा द्यायची त्यांची लायकी नाही. माझ्या मते रोज रस्त्यावर जाणारी गाडी अगदी निष्कलंक करणं हा रंगावर अन्याय आहे. काम झाल्यावर वॅक्स किंवा सीलंट लाव. सिरॅमिक कोटिंगचं सध्या फार बोललं जातं. त्याने धुणं सोपं होतं, पण ते लावलं म्हणून रेघा पडायच्या थांबत नाहीत. धुण्याची शिस्त तशीच ठेवावी लागते.

दसऱ्याला गाडीची पूजा करशील तेव्हा झेंडूचा हार बॉनेटवर तारेने बांधून तसाच पुढे गाडी चालवत नेऊ नकोस. पूजा झाली की हार उतरवून डॅशबोर्डवर ठेव, आणि हळद-कुंकू सुकं चोळून काढण्याऐवजी पाण्याने सोडव.

माझं डीए मशीन इथे पडून आहे, तू नवीन घेऊ नकोस. पॅड आणि पॉलिश तेवढं आण. दिवाळीपर्यंत दर रविवारी सांगितलं तशी गाडी धू, आणि भाऊबीजेला येशील तेव्हा धुतलेली गाडी घेऊन ये. डिकीचं झाकण आपण दोघं करू, बॉनेट तू एकटीने करायचं.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा